गाडी थांबली; माल कुठे थांबला?

'विषयाचे बंधन नाही' असे संपादक मंडळाने सूचनाफलकावर लिहिले, म्हणूनच हे लिहिण्याचे धाडस करीत आहे. एरवी कला महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात कॉम्प्युटरच्या खेळांतल्या मोटारींना कोण जागा देणार? लेखाचा विषय सांगितला तेव्हा मागच्या बाकांवर हशा पिकला. मराठीचे सर रागावले नाहीत, त्यांनी एवढेच विचारले, "यात वाङ्मयाचा संबंध कुठे येतो?" सर, तो येतो की नाही हे लेख वाचून आपणच ठरवा. माझ्यापुरता प्रश्न साधा आहे आणि वर्षभर तो माझी पाठ सोडत नाही. पडद्यावरच्या खोट्या गाडीला वजन असावे की नसावे?

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत अशा गुरुजनांसाठी थोडे सांगतो. 'ओपन वर्ल्ड' म्हणजे मोकळ्या जगाच्या या खेळांत पडद्यावर एक अख्खे शहर उभे केलेले असते. रस्ते, पूल, सिग्नल, पाऊस, रहदारी, सगळे. खेळणाऱ्याने ठरलेल्या वाटेनेच गेले पाहिजे असे नाही. वाटेल तिकडे जावे, दिसेल त्या गाडीत बसावे. 'ग्रँड थेफ्ट ऑटो' ही यांतली सर्वांत गाजलेली मालिका. तिचा 'सॅन अँड्रियास' हा भाग २००४ साली आला, चौथा भाग २००८ साली आणि पाचवा २०१३ साली. करणारी मुख्य मंडळी स्कॉटलंडमधल्या एडिंबरोची, शहरे मात्र अमेरिकन वळणाची. चौथ्यातले लिबर्टी सिटी न्यूयॉर्कसारखे, पाचव्यातले लॉस सँटोस लॉस एंजेलिससारखे. या खेळांत मारामारी आणि गुन्हेगारी भरपूर आहे. तिची वकिली मला करायची नाही. मला बोलायचे आहे ते फक्त गाडी हाकण्याविषयी, कारण खेळणाऱ्याचा बराचसा वेळ गाडीतच जातो.

आमच्या वसतिगृहात या बाबतीत दोन पक्ष आहेत. चौथ्या भागातली गाडी वळणावर एका अंगाला कलते. ब्रेक दाबला की तिचे नाक खाली जाते, आणि तरीही ती बरीच पुढे जाऊन थांबते. नवखा माणूस पहिल्या चौकातल्या खांबावर हमखास आदळतो. तो भाग आला तेव्हा अनेक खेळाडूंनी तक्रार केली की या गाड्या नावेसारख्या डुलतात. पाचव्या भागात चक्र फिरले. तिथली गाडी रस्त्याला चिकटून राहते, सांगितल्याबरोबर वळते, झटकन थांबते. उंचवट्यावरून उडाली तर हवेतल्या हवेतसुद्धा तिचे तोंड फिरवता येते! माझा खोलीतला मित्र पाचव्याचा कट्टर भक्त. लॅपटॉपही त्याचाच, सेकंडहँड. तो म्हणतो, "चौथ्यातली गाडी म्हणजे चिखलातली म्हैस आहे. पाचव्यातली बघ, कशी ऐकते!" गेल्या दिवाळीपर्यंत मीही त्याच्याच पक्षात होतो.

माझी सुरुवात तर याहून हलक्या गाड्यांवर झाली. दहावीच्या सुट्टीत चुलतभावाच्या मोबाईलवर 'सॅन अँड्रियास' खेळायला मिळाला. काचेवर अंगठा ठेवला की गाडी पळते, अंगठा सरकवला की वळते. डोंगरावरून खाली पडली तरी चार चाकांवर उतरली तर पुढे चालू! पुढे 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' आला. खेळ इंडोनेशियाचा, पण बसला आपल्या आवडीचा रंग देता येतो, म्हणून आमच्या गावातली पोरे तिला एसटीचा लाल रंग चढवून इंडोनेशियाच्या रस्त्यांवर पळवत असत. एवढे सगळे झाल्यावर मला गाडी चालवता येते अशी माझी मनोमन खात्री झाली होती. अठरा पूर्ण होताच शिकाऊ लायसन्सही काढले.

आता दिवाळीची गोष्ट. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ट्रक ड्रायव्हर आहेत. गाडी मालकाची. नाशिक भागातला कांदा, टोमॅटो घेऊन कसारा घाट उतरून मुंबईकडे जायचे आणि रिकामी किंवा मिळेल तो माल भरून गाडी परत आणायची, असा त्यांचा वीस वर्षांचा क्रम. दिवाळीत ते दोन दिवस घरी होते. चुलत्यांच्या शेतात टोमॅटोचा तोडा चालू होता. क्रेट भरलेली पिकअप शेतातून डांबरी रस्त्यापर्यंत आणायची होती. मी म्हणालो, "अण्णा, मी आणतो." त्यांनी माझ्याकडे पाहिले, शेजारी बसले आणि म्हणाले, "चल."

पहिली दोनशे पावले गाडी मी छान आणली. मग बांधावरून एक शेळी आडवी आली. मी ब्रेकवर जोरात पाय दिला. गाडी जागच्या जागी थांबली. मला क्षणभर अभिमानच वाटला. तेवढ्यात मागून धडधड आवाज झाला. क्रेटांची वरची रांग केबिनवर आली होती. दोन क्रेट खाली पडून वाटेवर टोमॅटोचा चिखल झाला होता. चुलते काही बोलले नाहीत, पण त्यांनी ते दोन क्रेट ज्या नजरेने पाहिले ती नजर मी विसरलेलो नाही. अण्णा खाली उतरले, चांगले टोमॅटो वेचू लागले आणि मान वर न करता म्हणाले, "गाडी थांबली रे. माल कुठं थांबला?"

न्यूटनचा पहिला नियम मी नववीत पाठ केला होता, त्यावर मार्कही मिळवले होते. पण जडत्व म्हणजे काय ते मला त्या दिवशी शेतात कळले.

सुट्टी संपवून परत आलो आणि मित्राच्या लॅपटॉपवर पुन्हा चौथा भाग लावला. काय सांगू, तीच 'म्हैस' आता मला निराळी वाटू लागली. तिचे नाक खाली जाते कारण ब्रेक लागल्यावर गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो. त्याच वेळी मागची चाके हलकी होतात, म्हणून घाईने वळवले तर मागचा भाग घसरतो. ती लवकर थांबत नाही, कारण वेग दुप्पट केला की थांबायला लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. ज्याला आम्ही खेळाचा दोष समजत होतो तो तर रस्त्याचा नियम होता! चौकाच्या आधीच पाय उचलायचा, वळणात शिरण्यापूर्वी वेग कमी करायचा, वळण संपता संपता पुन्हा वाढवायचा. हे जमू लागले तसा चौथा भाग मला आवडू लागला, आणि पाचवा फिका वाटू लागला.

मग कुतूहल वाढले. 'सॅन अँड्रियास'च्या कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीत 'हँडलिंग' नावाची एक फाईल असते. साध्या नोटपॅडमध्ये ती उघडते. एकेका गाडीसाठी एक ओळ आणि प्रत्येक ओळीत तीसहून अधिक रकाने! पहिली ओळ 'लँडस्टॉकर' या जीपसारख्या गाडीची. तिचे वजन १७०० लिहिलेले. पुढे हवेचा अवरोध, गुरुत्वमध्य कुठे, टायरांची पकड किती, गिअर किती, ब्रेकचा जोर किती आणि त्यातला पुढच्या चाकांवर किती, स्प्रिंग किती कडक. पाण्यात पडली तर किती बुडल्यावर तरंगेल याचाही आकडा, आणि गाडीची किंमतसुद्धा. मी एकेक आकडा बदलून पाहू लागलो. पकड कमी केली तर गाडी तेल सांडलेल्या रस्त्यावर धावल्यासारखी घसरते. गुरुत्वमध्य वर नेला तर साध्या वळणावर कुशीवर पडते. लँडस्टॉकरच्या रकान्यात ही उंची उणे ०.३ अशी लिहिलेली आहे. म्हणजे गाडी सहसा उलटू नये म्हणून तिचा भार मुळातच खाली ओढून ठेवलेला.

रात्री उशिरापर्यंत हा उद्योग चालू असताना माझ्या मनात आले की या रकान्यांतले कितीतरी अण्णांना ठाऊक आहेत. त्यांनी ते लिहिलेले नाहीत, एवढेच. कांद्याच्या गोण्या उंच रचल्या तर वळणावर गाडी 'डोकं टाकते' असे ते म्हणतात. तो गुरुत्वमध्याचा रकाना. पहिल्या पावसात रस्ता 'तेलकट' होतो म्हणतात; तो पकडीचा. घाटाबद्दल त्यांचा एकच नियम आहे : ज्या गिअरात चढ चढायचा, त्याच गिअरात उतार उतरायचा. उतारावर सारखा ब्रेक दाबत राहिले तर ब्रेक तापतात आणि ऐन वेळी लागत नाहीत. म्हणून इंजिनालाच गाडी धरून ठेवायला लावायची. हा रकाना मात्र मला त्या फाईलीत सापडला नाही. त्या शहरात डोंगर कितीही उतरा, ब्रेक तापत नाहीत.

येथे कोणी म्हणेल, "मग काय, खेळात पंक्चर काढायची? डिझेलसाठी रांग लावायची? दिवसभर कॉलेज करून माणूस चार घटका करमणुकीसाठी खेळतो. त्याला घाट कशाला दाखवता?" हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. त्यात तथ्य आहे. शिवाय खेळाच्या अडचणीही समजून घेतल्या पाहिजेत. खऱ्या गाडीत ड्रायव्हरला अर्धी बातमी बसल्या जागेवरून कळते. पाठीला, पायाला, पोटाला कळते. खेळणाऱ्याजवळ डोळे, कान आणि बोटे एवढेच. त्यात कीबोर्डची कळ एकतर दाबलेली असते किंवा नसते. थोडेसे स्टिअरिंग फिरवणे तिला माहीतच नाही. म्हणून खेळ आपणच चाक हळूहळू फिरवतो आणि बोट उचलले की सरळ करतो. अशा माणसाच्या हाती कसाऱ्याचा ट्रक जसाच्या तसा दिला तर तो दुसऱ्या मिनिटाला खेळ बंद करील.

तेव्हा सगळे खरेच असावे असा माझा हट्ट नाही. आणि येथे मला वर्गातच शिकलेली एक गोष्ट उपयोगी पडते. अशक्य असले तरी चालेल पण ते संभवनीय वाटले पाहिजे, असा ॲरिस्टॉटलचा विचार सरांनी आम्हाला समजावून दिला. खेळातल्या गाडीलाही तोच नियम लागू होतो असे मला वाटते. तिचे वजन शेवटी खोटेच असते. गाडी वेग घेते तेव्हा तिच्या मागचा कॅमेरा किंचित मागे पडतो, ब्रेक लागला की नाक झुकते, चढावर इंजिनाचा आवाज बदलतो, हातातला कंट्रोलर थरथरतो. आणि एवढ्या चार खुणांतून एक टन लोखंड आपल्याला 'जाणवते'. कथाकार चार शब्दांत माणूस उभा करतो, त्याच जातीचे हे काम आहे. सर, वाङ्मयाचा संबंध मला दिसला तो येथे.

आणि जड गाडीचे खेळ रंजक होत नाहीत हे तरी कोणी ठरवले? 'माफिया' हा चेक मंडळींनी केलेला खेळ २००२ साली आला. त्याचा नायक सुरुवातीला साधा टॅक्सी ड्रायव्हर. काळ १९३० नंतरचा, त्यामुळे गाड्या त्या काळाच्या; चढावर धापा टाकणाऱ्या, वळणावर कुरकुरणाऱ्या. वेगमर्यादा मोडली किंवा लाल सिग्नल तोडला की पोलीस मागे लागतात. तरी लोकांनी तो डोक्यावर घेतला, आणि २०२० साली तो नव्याने केला तेव्हा ज्याला जुन्या वळणाची अवघड गाडी हवी त्याच्यासाठी तसा पर्याय ठेवावा लागला. 'युरो ट्रक सिम्युलेटर २' तर २०१२ चा, तोही चेक लोकांचाच. त्यात बंदुका नाहीत, पाठलाग नाही. माल भरा, युरोपच्या रस्त्याने नेऊन पोचवा. सिग्नल मोडला तर दंड, मालाला धक्का लागला तर भाड्यात कपात, झोप आली तर गाडी बाजूला लावून विश्रांती. एवढे असूनही जगभर लाखो लोक पदरचे पैसे खर्चून हे काम हौसेने करतात! जर्मनीच्या 'बीमएनजी'ने तर गाडीचा अख्खा सांगाडा बिंदू आणि दांड्यांचा केला आहे आणि कोणता बिंदू किती हलला, कोणती दांडी किती वाकली याचा हिशेब सेकंदाला २००० वेळा मांडला जातो. म्हणजे वजनाची ओढ माणसाला आहे. ती माझ्या एकट्याची खोड नव्हे.

आता माझे म्हणणे स्पष्ट मांडतो. जिथे गाडीला वजन नसते तिथे ड्रायव्हरलाही नसते. पाचव्या भागात मी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो तेव्हा मधला रस्ता म्हणजे नुसती रिकामी जागा असते. लवकर संपावी एवढीच इच्छा. कोणीही चालवले तरी गाडी तशीच चालते. चौथ्या भागात किंवा 'माफिया'त तसे नाही. तिथे रस्ता हेच काम असते, आणि ते चांगले किंवा वाईट करता येते. मी खांबाला न धडकता शहर ओलांडले, यात माझे काहीतरी असते. जड गाडी माणसाला कौशल्याची संधी देते. हलकी गाडी त्याला खूष करते, पण त्याची गरजच काढून टाकते.

आणि मित्रहो, ही हलकी नजर फक्त खेळापुरती आहे का? कांदा लासलगावला निघतो आणि मुंबईत भाजीवाल्याच्या पाटीत दिसतो. मधले काय झाले ते आपल्याला रिकाम्या जागेसारखेच असते. त्या रिकाम्या जागेत कोणीतरी रात्री दोन वाजता दुसऱ्या गिअरात घाट उतरत असतो. माल वेळेवर पोचला तर त्याचे नाव कोणी घेत नाही. उशीर झाला तर मात्र मालक त्याच्याच भत्त्यातून पैसे कापतो. आमच्या घरी हे घडले आहे, म्हणून सांगतो.

दुसऱ्यांना कशाला बोलू? प्रथम वर्षाच्या प्रवेश अर्जात 'पालकाचा व्यवसाय' असा रकाना होता. आमच्या घराण्यातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. अर्ज भरताना माझ्या पुढच्या मुलाच्या अर्जावर 'प्राध्यापक' असे लिहिलेले मला दिसले आणि मी माझ्या रकान्यात 'खाजगी नोकरी' असे लिहिले. खोटे नव्हते. पण वजन काढून घेतलेले होते. यंदा अर्ज कॉम्प्युटरमधून छापूनच आला, मागच्या वर्षीच्या माहितीसह. तेथे अजूनही 'खाजगी नोकरी'च आहे. दुरुस्तीसाठी कार्यालयात निराळा अर्ज द्यावा लागतो. तो मी अद्याप दिलेला नाही. का दिला नाही, याचे उत्तर 'वेळ मिळाला नाही' असे मी देऊ शकतो, पण ते या पानावर शोभणार नाही.

अण्णांना मी हा लेख लिहीत असल्याचे फोनवर सांगितले. खेळ म्हणजे काय, फाईल म्हणजे काय, ते तीस रकाने कोणते, सगळे समजावले. ते गाडी भरायची वाट पाहत मार्केटमध्ये थांबले होते. सगळे ऐकून घेऊन म्हणाले, "त्यात रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यांचा आकडा एकच आहे का?" मी म्हणालो, "हो. एका गाडीचं वजन एकच लिहिलंय." ते म्हणाले, "मग अजून शिकायचेत ते." आणि फोन ठेवला. गाडी भरून झाली असावी.

माझ्या मित्राला, आणि पाचव्या भागाच्या सर्व भक्तांना, माझी एक विनंती आहे. एक संध्याकाळ चौथा भाग लावा आणि एकही सिग्नल न मोडता, एकाही गाडीला न घासता शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन दाखवा. मग गाडीला म्हैस म्हणायचे की नाही ते ठरवा. आणि ज्या गुरुजनांना खेळाशी कर्तव्य नाही त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की पुढच्या वेळी एसटीने घाट उतराल तेव्हा खिडकीतून दरी पाहून झाली की क्षणभर ड्रायव्हरच्या पायाकडे पाहा. तो ब्रेकवर फार वेळा जात नसेल, तर निर्धास्त झोपा. माणूस जाणकार आहे.

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला